कारचं ऑइल

वाळूजच्या कारखान्यात पहिल्या पाळीला मी मोटारसायकलवर जायचे. कंपनीची बस होती, पण तिच्यासाठी पाऊण तास आधी निघावं लागे आणि तो पाऊण तास मला सोडायचा नव्हता. गाडीची वही मी ठेवायचे. तारीख, किलोमीटर, काय केलं, एवढंच.

एकदा धाकट्या दिरांनी आपल्या कारचं उरलेलं ऑइल मला न विचारता माझ्या गाडीत ओतलं. म्हणाले, "वहिनी, कारचं हाय, लई भारी. दुप्पट चालंल."

चौथ्या दिवशी चढावर इंजिन नुसतं ओरडू लागलं आणि गाडी पुढं सरकेना. गुलमंडीजवळच्या मेकॅनिकनं सांगितलं, "क्लचप्लेटा गेल्या, ताई. इंजिन खोलावं लागतंय."

"इकून टाका आता," दीर म्हणाले. "बसनं जावा."

मी वही पाहिली. हे ऑइल ओतेपर्यंत एकही तक्रार नव्हती. मोटारसायकलचा क्लच ऑइलात बुडालेला असतो, कारचा नसतो, म्हणून कारच्या निसरड्या ऑइलानं तो घसरतो, हे मला कारखान्यात कळलं होतं.

"खोलू नका," मी मेकॅनिकला म्हणाले. "हे ऑइल काढा आणि मोटारसायकलचं घाला."

"मेकॅनिक तुम्ही का मी?"

"तुम्हीच. पण गाडी माझी आहे."

त्यानं ऐकलं नाही. मग गाडी घरी आणून रविवारी अंगणात घमेलं ठेवून ऑइलचा बोल्ट मीच खोलला आणि मोटारसायकलचं ऑइल घातलं. उरलंसुरलं निघावं म्हणून शंभर किलोमीटरनंतर पुन्हा एकदा ऑइल बदललं, तेव्हा क्लच धरू लागला.

"म्हंजी इकायची नाय?" दिरांनी विचारलं.

"नाही. आणि तुमचा ऑइलचा डबा तुमच्या कारपाशीच ठेवा."