पुढं जाते, मागं येत न्हाई

माझे धाकटे दीर गेले, हे मीच फोन करून सगळ्यांना सांगितलं. मी त्यांना भाऊजी म्हणायची. त्यांच्या पुण्यातल्या मुलानं, प्रकाशनं, पहिलं विचारलं ते, "गाडीत बसल्या बसल्याच गेले का?" मी म्हटलं, "न्हाई रे, खाटेवर. सकाळी मी चहा घेऊन गेले तर..." पण त्याचं विचारणं चुकीचं नव्हतं. शेवटचे चार महिने भाऊजी रोज पत्र्याच्या शेडमध्ये त्या बंद गाडीत बसून असायचे. आता महिना झाला, आणि लोक त्यांच्याबद्दल गोड बोलतात. माणूस हट्टी होता, फटकळ होता, आणि तपकिरीनं घरातला एक रुमाल धड ठेवला नाही. ते रुमाल मी धुतलेत.

लोणीच्या शिवारात आमची वस्ती. माझे मालक गेल्यावर आम्ही दोघंच उरलो. भाऊजींनी सारा जन्म उसाचा ट्रॅक्टर चालवला. मग डाव्या अंगावरून वारं गेलं. हात परत आला, पाय आला नाही. क्लच दाबायचा कशानं? प्रकाशनं एक जुनी ऑटोमॅटिक गाडी आणून दिली. तिला क्लच नसतो, गिअर तिचा तीच बदलते. एका उजव्या पायावर भाऊजी पुन्हा हिंडायला लागले. कधी बेल्ह्याच्या बाजाराला, कधी कुणाच्या दहाव्याला, कधी नुसतेच. कुणाला विचारणं नाही, कुणाची वाट बघणं नाही.

आमच्या शेडमध्ये गाडी तोंडानं आत जाते आणि मागं घेऊनच बाहेर काढावी लागते, पुढं भिंत आहे. एका सकाळी रिव्हर्स पडेना. इंजिन नुसतं ओरडायचं, चाक हलायचं नाही. शेजारचे चौघं आले. "काका, तुमी बसा आत, आमी ढकलतो." गाडी बाहेर निघाली, पण भाऊजींची मान वर होईना. संध्याकाळी गाडी पुन्हा आत लावून म्हणाले, "वैनी, तिरडी उचलल्यावानी वाटलं. पुन्यांदा कुणाला बोलवायचं न्हाई."

मंचरच्या मेकॅनिकला फोन लावला. तो म्हणाला, "आधी गिअरचं तेल बघा. कमी असंल तर भरा. पण करपल्याचा वास आला तर गाडी हलवू नका. आतल्या प्लेटी जळाल्या समजा. गिअरची पेटी खाली उतरवावी लागंल, आणि जुन्या गाडीचं सामान कवा मिळंल ते सांगता येत न्हाई."

भाऊजींना बॉनेटवर वाकता येत नव्हतं. ते सीटवर बसून हुकूम सोडायचे, मी तेलाची पट्टी ओढायची. इंजिन बंद, पट्टी पूस, घाल, काढ. तेल वरच्या खुणेला. आठ दिवस हेच. "तेल हाय, तरी वढत न्हाई," म्हणून ते स्टेअरिंगवर हात आपटायचे. मी म्हणायची, "आपटा, म्हंजे ते बी मोडंल." दिवसभर ते शेडमध्ये, आणि त्यांना एकटं सोडवत नाही म्हणून मीही. मला तर माझ्याच घरात कोंडल्यासारखं झालं होतं.

एकदा चुलीवर आमटी होती. इंजिन बंद व्हायची वाट न बघता मी पट्टी ओढली. कोरडी! टोकाला फक्त एक थेंब. भाऊजी आतून ओरडले, "चालू इंजिनात कशाला वढली?" मी पट्टी त्यांच्या नाकासमोर धरली. बघत राहिले, मग कपाळावर हात मारला. "च्यायला... ट्रॅक्टरचं तेल बंद करून बघायचं. हिचं चालू ठिवून बघायचं असंल. बंद केलं की समदं खाली येतं, म्हून भरलेलं दिसतं." मग विचारलं, "वास कसा हाय?"

तपकिरीनं त्यांचं नाक कधीच गेलं होतं. मी वास घेतला. काकवी करपल्यावर येतो तसा होता. मी आयुष्यात कुणाचं मन राखायला खोटं बोलले नाही, नवऱ्याशीही नाही. म्हटलं, "तेलावानी. दुसरा कसा असंल?"

मी गाडीखाली आडवी होऊन, तेल झिरपत होतं त्या पाइपाची क्लिप पिळली, तेल आणवून भरलं. गाडी जरा थांबली, गुरगुरली, आणि मागं आली. भाऊजींनी हॉर्न वाजवत ती पार रस्त्यापर्यंत मागं नेली. त्यानंतर वीस-बावीस दिवस ते घरात ठरलेच नाहीत. बेल्ह्याहून मला नको असलेली शेळी घेऊन आले, तीही मागच्या सीटवर बसवून. मग एक दिवस गाडी शेडमध्ये गेली ती पुन्हा मागं आली नाही. भाऊजी माझ्याकडे बघून म्हणाले, "वैनी, नाक म्हातारं झालं तुमचं." मी म्हटलं, "व्हय."

त्यांना कळलं होतं का? मी विचारलं नाही.

परवा प्रकाश आला होता. गाडीत बसला, तर त्याचे पाय पेडलला पुरेनात. डावा पाय मुडपत नव्हता म्हणून भाऊजींनी सीट पार मागं सरकवलेली. तो ती पुढं ओढायला लागला. मी म्हटलं, "राहू दे तशीच." मग त्याला करपलेल्या वासाचं सांगितलं. त्यानं सीटवरचा हात काढला.

"मोठी आई, तवाच सांगितलं असतं तर गाडी वाचली असती."

मी म्हटलं, "व्हय. गाडी वाचली असती."