अंगठ्याएवढी गोदावरी

साठी ओलांडलेल्या बाईने घरात बसावं असं ज्याला वाटतं, त्याने खुशाल बसावं. मी बसणार नाही. शाळेतली नोकरी संपली, लेकी आपापल्या घरी नांदतायत, यजमान तर केव्हाच देवाघरी गेले. आता नाही हिंडायचं तर कधी? आणि देवाने हे एवढं जग केलंय ते काय झाकून ठेवायला?

नाशिक रोडची ट्राम बंद पडली त्या सुमाराची ही गोष्ट. जन्मभर मी मुलींना भूगोल शिकवला. फळ्यावर गोदावरी काढायची म्हणजे आधी डावीकडे एक ठिपका द्यायचा आणि सांगायचं, मुलींनो, ही इथे उगम पावते. तो ठिपका मी स्वतः कधी पाहिलेला नव्हता. तेही नाशकात राहून!

त्यात बाबांनी लहानपणीच डोक्यात किडा सोडून ठेवलेला. ते मूळचे ब्रह्मगिरीच्या पायथ्याचे. ऐन तरुणपणी ख्रिस्ती झाले, घरच्यांनी दार लावून घेतलं, आणि मग ते त्या बाजूला कधी फिरकले नाहीत. पण संध्याकाळी कंदिलाची काच पुसता पुसता मला आणि माझ्या धाकट्या भावाला सांगायचे, "वर डोंगरावर गोदावरी एवढीशी आहे. अंगठा लावला तर अडते." मग आम्ही दोघं पन्हळीच्या धारेला अंगठे लावून गोदावरी-गोदावरी खेळायचो आणि भिजल्याबद्दल आईचे धपाटे खायचो.

त्या वर्षी ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात आमच्या ख्रिस्ती देवळाच्या पायऱ्या चढताना माझे गुडघे कुरकुरायला लागले. म्हटलं, झालं, आता या वर्षी नाही तर कधीच नाही. ब्रह्मगिरीवर जाते म्हणून भावाला सांगायला गेले. तो आमच्या मंडळीचा पंच, मोठा कडक माणूस.

"अक्का, तुला म्हातारचळ लागलाय," तो म्हणाला. "तिथे लोक पापं धुवायला जातात. तू कशाला?"

"बघायला."

"नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात."

"आपण कुठे ऋषी आहोत? तरी सगळं गाव आपलं कूळ विचारतंच ना? मग मी नदीचं मूळ विचारलं तर कुणाच्या पोटात दुखायचं कारण काय?"

तो हसला नाही. "बाबांनी जे सोडलं ते तू जाऊन उचलणार असशील तर ऐक. ईस्टरला मी तुझ्यापुढे प्याला धरणार नाही. सख्खी बहीण असलीस तरी."

आमच्यात प्रभुभोजनाचा द्राक्षरसाचा प्याला एकच असतो. पंच तो घेऊन एकेका बाकाशी जातो आणि प्रत्येकापुढे धरतो. ज्याच्यापुढे धरला नाही तो मंडळीतून वेगळा पडला, हे कुणाला बोलून दाखवावं लागत नाही. मला तर कळायला लागल्यापासून एकही ईस्टर प्याल्याशिवाय गेलेला नव्हता. मला अन्न गोड लागेना. प्रार्थना केली. उत्तर काही आलं नाही, पण जायची हौसही तसूभर कमी झाली नाही. तेच उत्तर समजले आणि त्र्यंबकच्या सर्व्हिस मोटारीत जाऊन बसले.

काय सांगू त्या मोटारीची मजा! माणसं दाटीवाटीने कोंबलेली, रस्ता हाडं खिळखिळी करणारा, आणि मी खिडकीला नाक लावून बसलेली. डावीकडून अंजनेरीचा डोंगर सरकायला लागला तेव्हा तर मला जागेवर बसवेना. शेजारी दिंडोरीकडची एक म्हातारी होती. माझं मोकळं कपाळ बघून आपल्यासारखीच रांडावलेली समजली, आणि ते काही खोटं नव्हतं.

"एकटीच का, बाई? नवस हाय का? माझा गुडघ्यांसाठी हाय."

"नवस नाही. नुसतं बघायचंय. मी ख्रिस्ती आहे."

तिने थोडा विचार केला. "मग तुमच्यात गुडघे दुखत नाय का?"

मी पोट धरधरून हसले. ब्रह्मगिरीच्या पायऱ्या आम्ही दोघींनी एकमेकींचा हात धरूनच चढल्या. मी घाई केली की ती म्हणायची, "बस जरा. लय चढण हाय अजून. डोंगर कुठं पळून चाललाय?" डोलीवाले मागे लागले होते, त्यांना मी हाकलून दिलं. चढेन तर माझ्या पायांनी.

वर वाळलेलं गवत आणि भन्नाट वारा. उगमापाशी एक पुजारी बसले होते. त्यांना सरळ सांगितलं, मी ख्रिस्ती आहे, पाण्याला हात लावला तर चालेल का? ते अवघडले. "इथे नको, बाई. ते तिथे खाली खडकातून झिरपतंय ना, तिथे लावा."

माझं डोकं तापलं. बाबांच्या तोंडावर लावलेलं दार अजून उघडलेलं नव्हतं तर! पण मी भांडायला आले नव्हते, बघायला आले होते. खाली उतरले. खडकाच्या फटीतून वातीएवढी धार येत होती. म्हातारीने मला धरून बसवलं आणि मी धारेवर अंगठा ठेवला.

अडली. खरंच अडली हो. फळ्यावरची ती लांबलचक गोदावरी माझ्या अंगठ्याखाली गार गार, गप्प. मग फटीत पाणी साचलं, अंगठ्याच्या बाजूने आलं आणि कोपरापर्यंत ओघळलं. मी हसत होते आणि डोळे वाहत होते. तिथेच डोळे मिटून आकाशातल्या बापाचे आभार मानले, आणि माझ्या बापाचेही.

ईस्टरला पांढरं लुगडं नेसून नेहमीच्या बाकावर जाऊन बसले. मी कुठे जाऊन आले ते सगळ्या वस्तीला ठाऊक झालं होतं. पाळकांनी भाकर दिली. मग भाऊ प्याला घेऊन निघाला. एक एक बाक मागे पडत होता. माझ्या शेजारणीने घोट घेतला. भाऊ माझ्यापुढे आला आणि प्याला छातीशी धरून उभा राहिला. पेटी वाजायची थांबली. सगळी मंडळी बघत होती. मी मान खाली घातली.

तो वाकला. पन्हळीखाली भिजताना त्याचा जो आवाज असायचा, तसल्या बारीक आवाजात त्याने विचारलं, "अडते का गं?"

"जरा वेळ अडते," मी म्हटलं. "मग बाजूने येते."

त्याने प्याला पुढे केला. मी माझा हात त्याच्या हातावर ठेवला आणि मग प्याले.