मागे न बघता घेतलेली हजेरी

माझ्या बाकमैत्रिणीच्या मते जगात माणसांचे दोनच प्रकार आहेत: हजर आणि गैरहजर. श्रीमंत-गरीब, शहाणा-खुळा, आपला-परका हे बाकीचे भेद तिला फावल्या वेळचे वाटतात. साताऱ्याच्या कॉलेजात आम्ही तीन वर्षं एका बाकावर बसलो. मग ती लग्न होऊन सांगलीजवळ माधवनगरला गेली, तिथल्या एका प्राथमिक शाळेत बाई म्हणून लागली आणि मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झाली. शाळा सुटली, पण हजेरी सुटली नाही. रात्री पानं घेतली की ती एकेकाचं नाव पुकारते आणि ‘हजर’ ऐकू आल्याशिवाय आमटी वाढत नाही. तिचे यजमान फार गरीब स्वभावाचे आहेत. एकदा ते तिच्या समोरच पानावर बसले होते, तरी तिनं त्यांना पुकारलं. ते म्हणाले, मी दिसतोय की तुला. त्यावर तिनं वाटीत आमटी तशीच धरून सांगितलं, की दिसण्यावर माझा भरवसा नाही, दिसतात पुष्कळ. तेव्हापासून ते न्हाणीघरात असले तरी तिथून ‘हजर’ म्हणून ओरडतात आणि मग अंगावर पाणी घेतात.

हे खूळ घरापुरतं असतं तर कोणाची तक्रार नव्हती. तिच्या पुतणीच्या लग्नात मंगलाष्टकं सुरू व्हायच्या बेतात असताना ही माईक हातात घेऊन दोन्हीकडच्या वऱ्हाडाची हजेरी घ्यायला उभी राहिली. भटजी घड्याळ दाखवत होते, नवरदेव घामानं निथळत होता, व्याही डोळे वटारून बघत होते, आणि ही आपली एकेक नातं पुकारत होती. पण त्यामुळेच कळलं, की नवरीला मांडवात घेऊन येणारा मामाच गैरहजर आहे. तो समोरच्या सलूनमध्ये दाढीचा फेस लावून बसला होता. त्याला तसाच अर्ध्या दाढीनं ओढून आणला. फोटोत तो आजही नवरीपेक्षा जास्त उठून दिसतो. दुसऱ्या एका खेपेला आम्ही दोघी एसटीनं जात होतो. घाटाखाली चहाला गाडी थांबली आणि सुटताना कोणा उपटसुंभानं गंमत म्हणून दोरी ओढून डबल बेल दिली. गाडी निघाली. हिनं सवयीनं सगळ्या गाडीवरून कान फिरवला आणि उभं राहून ड्रायव्हरला थांबवलं. गैरहजर होता तो कंडक्टर. तो मागून भजी हातात घेऊन धावत येत होता. गाडीत चढल्यावर त्यानं तिला दोन भजी दिली, तीही तिनं घेतली.

आता या सगळ्याचं मूळ आमच्या कॉलेजात आहे, आणि ते आजच्या पोरांना सांगितलं तर त्यांना खोटं वाटतं. आमच्या वेळी मुली लेडीज रूममध्ये थांबायच्या. सर वर्गाकडे निघाले की त्यांच्या मागून एका ओळीत वर्गात शिरायच्या, पुढच्या बाकांवर बसायच्या आणि तास संपला की सरांच्याच मागून बाहेर पडायच्या. मागे वळून बघणं हा प्रकारच नव्हता. कोणी नियम केलेला नव्हता, पण वळलेली मान एकदा कोणाच्या काकांना दिसली असती तर कॉलेज बंद आणि स्थळं सुरू. त्यामुळे तीन वर्षं ज्या मुलांबरोबर शिकलो त्यांची तोंडं आम्ही कधी नीट पाहिलीच नाहीत. सर हजेरी घेत, मागून ‘येस सर’ येई, तेवढीच ओळख. मुलांना आमच्या वेण्या पाठ होत्या, आम्हाला त्यांचे आवाज. नावंही नव्हती, नुसते नंबर. सतरा नंबर नाकात बोलायचा, एकोणतीस नंबर उत्तर द्यायच्या आधी खाकरायचा, छत्तीस नंबरचा आवाज दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर फुटला तेव्हा पहिल्या बाकावर आम्ही वह्यांत तोंड खुपसून हसलो होतो. मी हे सगळं परीक्षेबरोबर विसरले. माझी बाकमैत्रीण काहीच विसरली नाही. तिला वर्गातला प्रत्येक नंबर त्याच्या आवाजासकट आजही पाठ आहे.

त्या आवाजांत खरा आवाज एकच, एकेचाळीस नंबरचा. पाटणच्या बाजूच्या एका खेड्यातून तो यायचा. त्यानं ‘येस सर’ म्हटलं की सरांचा खडू एखाद्या वेळेला हातातून निसटायचा आणि आमच्या बाकाच्या फळीला हात लावला तर ती थरथरलेली कळायची. पुढे तो शेती बघू लागला आणि जत्रांच्या कुस्तीमैदानात निवेदन करू लागला. ‘लाल लांगवाला उजव्या बाजूला’ असं त्यानं म्हटलं, की बाहेर उसाचा रस पिणारा माणूसही उजवीकडे बघायचा. पाटणपासून कोरेगावपर्यंतच्या मैदानांत पैलवान कोण आहेत हे लोक नंतर विचारायचे, आधी माईकवर तो आहे का ते विचारायचे. आणि दोन वर्षांपूर्वी त्याच्याच घशात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, जीव वाचला, आवाज गेला. अगदी नाहीसा झाला नाही, एक खरखर तेवढी राहिली, पण ती त्यानं घराच्या उंबऱ्याबाहेर कोणाला ऐकू दिली नव्हती.

चाळीस वर्षांनी वर्गाचं संमेलन भरवायचं ठरलं, आणि ठरलं म्हणजे माझ्या बाकमैत्रिणीनं ठरवलं. एकेचाळीस नंबर येत नाही असा निरोप आल्याबरोबर तिनं मला कराडच्या स्टँडवर बोलावून घेतलं. ती सांगलीहून आली, मी साताऱ्याहून गेले आणि दोघी पाटणच्या गाडीत बसलो. त्याच्या घरी पोचलो तर अंगणात खाटेवर एक उंच, वाळलेला माणूस गळ्याला मफलर गुंडाळून बसला होता. आयुष्यात प्रथमच ती त्याच्याशी बोलत होती. तिनं विचारलं, "तुम्ही एकेचाळीस ना?" त्यानं मान हलवली. तेवढ्यावर तिचं समाधान झालेलं मला दिसेना.

त्याची बायको मोठी बोलकी, तिनं चहा टाकला आणि त्याच्या वतीनं सगळं सांगितलं. लोक भेटायला येतात आणि ‘बिचारा, काय आवाज हुता’ म्हणून हळहळून जातात, ते ह्यांना सोसत नाही. मैदानाची आमंत्रणं येतात, मान म्हणून व्यासपीठावर बसा म्हणतात, हे जात नाहीत. "आवं, माज्यासंगं बोलत्यात तेवडंच," ती म्हणाली. "बाकी कुनापुढं त्वांड उघडत न्हाईत. म्हनत्यात, मैदानातनं उठलो त्यो उठलो." हे ऐकताना तो विहिरीकडे बघत होता. मी आपली दोन धीराची वाक्यं बोलले, कोणीही बोलेल तशी. माझ्या बाकमैत्रिणीनं मात्र बशी खाली ठेवली आणि त्याला एवढंच सांगितलं, की रविवारी अकराला वर्ग आहे, मी हजेरी घेणार आहे आणि तुमचा नंबर मी गाळणार नाही. परतीच्या गाडीत मी तिला म्हटलं, की अगं, आजारी माणसाशी असं बोलतात का. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मला तो ओळखूच आला नाही गं. त्याचं मला काय ठाऊक होतं? आवाज. तोच न्हाई तर मी कुनाला भेटून आले?" तिच्या माहेरची, कोरेगावची भाषा तिच्या तोंडी आली, की ती मनातून हललेली असते हे मला माहीत आहे.

रविवारी कॉलेजात जो गोंधळ झाला तो आमच्याच वर्गाला शोभेल असा होता. फाटकाशी साठीची माणसं गोळा झाली होती आणि कोण कोण आहे हे एकाही बाईला कळत नव्हतं. वेण्या कापल्या गेल्यामुळे पुरुषांचीही तीच गत. माझ्या बाकमैत्रिणीनं पुढे होऊन एका गोऱ्या, टकलावर टोपी घातलेल्या गृहस्थांचं तोंडभर स्वागत केलं, त्यांना गुलाबाचं फूल दिलं, मुलंबाळं विचारली, अर्थशास्त्राच्या सरांची आठवण काढून डोळे पुसले. गृहस्थही अदबीनं व्हय व्हय म्हणत होते. पाव तासानं ते म्हणाले, "ताई, समदं खरं हाय, पर मसालेभाताचं आधण उतू चाललंय." ते आचारी होते. आणि ज्या माणसाला तिनं मघाशी खुर्च्या पुसायला लावल्या होत्या, तो सतरा नंबर निघाला. तो मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेला साहेब होता, पण बिचाऱ्यानं निम्म्या खुर्च्या पुसून काढल्या होत्या.

मग तिनं टाळ्या वाजवून हुकूम सोडला. सगळ्यांनी आपल्या जुन्या वर्गात चलायचं, बायका पुढे, पुरुष मागे, आणि कोणी वळायचं नाही. कोणीतरी तिला टेबलामागे उभी राहा म्हणालं. तिनं ऐकलं नाही. समोरून बघितलं तर मला एकही माणूस ओळखता येणार नाही, असं म्हणून ती पहिल्या बाकावर माझ्या शेजारी बसली आणि फळ्याकडे तोंड करून तिनं नंबर पुकारायला सुरुवात केली. हातात कागद नाही, काही नाही. मागून ‘येस सर’ येऊ लागलं. तिला कोणी मॅडम म्हणेना, जिभा जुन्या वळणावर गेल्या होत्या. आवाज जाड झाले होते, दोघा-तिघांच्या कवळ्या वाजत होत्या, पण ती मागे न बघता एकेकाला पकडत होती. अजून नाकातच बोलता का, सतरा? एकोणतीस, खाकरून घ्या आधी. वर्गात हशा पिकत होता. जे आता राहिले नाहीत त्यांचे नंबरही ती गाळत नव्हती. नंबर घ्यायची, एक श्वास थांबायची आणि पुढे जायची. अशा वेळी हशा आपोआप थांबायचा. असे नंबर काही कमी नव्हते.

"एकेचाळीस," ती म्हणाली.

मला ठाऊक होतं की तो आलाय. वर्गात शिरताना शेवटच्या बाकावर मफलर दिसला होता. पण मागून काही आलं नाही. एक श्वास गेला, दुसरा गेला. मग मागच्या बाकांवरून चार-पाच जणांनी मिळून ‘येस सर’ म्हटलं. कॉलेजात दोस्ताची प्रॉक्सी मारायचे तसं, पण प्रेमानं, त्याला सांभाळून घ्यायला. मला वाटलं, बरं झालं, सुटला बिचारा. माझी बाकमैत्रीण मात्र बेचाळीसवर गेली नाही. "मी एकेचाळीस नंबरला विचारलंय," ती म्हणाली. मी बाकाखालून तिला चिमटा काढला, अगं पुरे म्हणाले. मला तिचा मनापासून राग आला. चाळीस वर्षांनी आलेल्या माणसाला असं सगळ्यांसमोर उघडं पाडायचं, ही कसली हजेरी? पण तिचा हात माझ्या हातात आला तर तो बर्फासारखा गार होता. तेव्हा मला कळलं, की ती हट्टानं थांबलेली नाही, घाबरून थांबलेली आहे. उत्तर न देणारे नंबर आमच्या वर्गात कोणते आहेत, ते आत्ताच सगळ्यांनी ऐकलं होतं. त्या ओळीत तिला एकेचाळीसला बसवायचं नव्हतं, आणि दुसऱ्याच्या तोंडून आलेली त्याची हजेरीही तिला नको होती.

मागे बाक सरकल्याचा आवाज झाला. मग करपलेलं पातेलं खरवडताना येतो तसा एक आवाज आला, त्यात फक्त वारा होता. तो थांबला. परत आला, आणि या खेपेला त्यात शब्द होता.

"हाय."

कोणी हललं नाही. पुढच्या बाकांवरच्या आम्ही सगळ्या साठीच्या बायका, आता कोणाच्या काकांची भीती उरली नव्हती, तरी एकीचीही मान वळली नाही. त्या खरखरीनं पुन्हा दम गोळा केला आणि सावकाश सांगितलं, "एकेचाळीस. हाय मी हितं."

"हजर," माझी बाकमैत्रीण म्हणाली. पदरानं नाक पुसून तिनं पुढचा नंबर घेतला.

जेवताना त्याच्याभोवती कोंडाळं होतं. तो त्या खरखरीनं बोलत होता, सतरा नंबर कान त्याच्या तोंडाशी नेऊन ऐकत होता आणि मागच्यांना पोचवत होता. मसालेभात खाली लागला होता आणि जिलबी दोन वेळा वाढली होती, हे कोणालाच आठवत नाही. जाताना, त्याच्यासोबत आलेली त्याची बायको माझ्या बाकमैत्रिणीपाशी आली, तिचे दोन्ही हात धरून उभी राहिली आणि मग नवऱ्याच्या मागून निघून गेली.

संध्याकाळी मी तिला सांगलीच्या गाडीत बसवायला स्टँडवर गेले. दिवसभर ओरडून तिचा स्वतःचाच घसा बसला होता. मी म्हटलं, की तो बोललाच नसता तर काय करणार होतीस? ती म्हणाली, ते मला विचारू नकोस. मग जागेवर बसून खिडकीची काच सरकवत म्हणाली, "पण आता वळखीन मी त्याला. नवा आवाज पाठ झाला." गाडी हलली. मी तिथंच बाकावर जराशी बसून राहिले. पुढच्या खेपेला आमच्यातले आणखी काही नंबर तसेच जातील, एकेका श्वासापुरते, हे मला कळत होतं. आणि तिचा चिडकेपणा, हट्ट, तिखट कान असे सगळे गुण आठवून मला एवढंच वाटत होतं, की माझा नंबर शेवटपर्यंत हिनंच पुकारावा, आणि मला उत्तर द्यायला उशीर झाला तर हिनं असंच थांबावं.