तिसऱ्या दिवसाचं तेल

दिवाळी उलटली की आमचं काम सुरू व्हायचं. पावसाळ्याच्या चार महिन्यांत ठाण्या-कल्याणकडच्या अंगणांवर, विहिरींच्या ओट्यांवर, गच्च्यांवर शेवाळाचा थर चढलेला असे. खाडीची दमट हवा अशी की ऊन पडलं तरी फरशीच्या पोटातली ओल जात नाही. ते शेवाळ नारळाच्या सोडणाने आणि राखेने घासून काढायचं, चुन्याच्या निवळीने धुवायचं, तडे गेले असतील तिथे उकरून नवा चुना भरायचा. ज्याचं अंगण पार गेलेलं असेल त्याला नवा कोबा करून द्यायचा. विटांचे तुकडे, वाळू आणि बैलाच्या घाणीत मळलेला चुना चार बोटं जाड पसरायचा. मग बायका ओळीने बसून लाकडी थापीने तो तीन-चार दिवस बडवत. वरून गुळाचं आणि हिरड्याचं पाणी शिंपडायचं, गुळगुळीत गोट्याने घोटायचं, आणि सगळ्यात शेवटी जवसाचं तेल. तेल नीट जिरलेला कोबा पाणी पीत नाही. न जिरलेला पितो, फुगतो, आणि त्याच्यावर शेवाळ गालिच्यासारखं माजतं.

हे सगळं मला माझ्या काकांनी शिकवलं. वडील पटकीत गेले तेव्हा मी लहान होतो. काकांनी मला कल्याणला आपल्या घरी आणलं, चार इयत्ता शाळेत घातलं आणि मग हातात थापी दिली. त्यांना मूलबाळ नव्हतं. लोक म्हणत, पुतण्या कसला, मुलगाच आहे तो. मीही तसंच समजत होतो.

लग्न झाल्यावर मी ठाण्याला बिऱ्हाड केलं आणि स्वतंत्र कामं घेऊ लागलो. निघताना काकांनी मला समोर बसवून सगळी कृती पुन्हा सांगितली. चुना किती दिवस भिजवायचा, हिरडा किती उकळायचा. शेवटी म्हणाले, "आणि तेल घोटल्यापासून तिसऱ्या दिवशी. चुकायचं नाही. वर पेंढा घालायचा आणि घरच्यांना सांगायचं, आता हात लावू नका."

माझं पहिलं काम ठाण्यातल्या एका वकिलांच्या विहिरीचा ओटा. एका पावसाळ्यात त्याचे पोपडे निघाले. वकील माझ्यावर इतके संतापले की मी त्या रस्त्याने जाणं सोडलं. काकांना कळलं तसे ते आपण होऊन आले. ओटा उकरला, नव्याने केला आणि वकिलांना म्हणाले, "पोर शिकतंय अजून, सांभाळून घ्या." दुसरं काम डोंबिवली गावातल्या देवळाच्या अंगणाचं. तेही तसंच गेलं, आणि तेही काकांनीच निस्तरलं. दोन्ही वेळा मी त्यांच्या पाया पडलो. दुसऱ्या वेळी तर मला रडू आलं. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "एकेकाच्या हातात चुना लवकर येत नाही. येईल हळूहळू. मी आहे ना."

तो हात पाठीवर अजून जाणवतो मला.

तिसरं काम कोपरीला मिळालं. मिठागरं आणि भातशेती असलेलं तिथलं जुनं आगरी कुटुंब. भात वाळवायला त्यांना घरापुढे मोठं अंगण हवं होतं. या वेळी मी जीव ओतला. चुना स्वतः चाळला. खाडीची खारी वाळू नको म्हणून उल्हास नदीच्या गोड्या पाण्यातली वाळू गाडीने आणवली. आणि तिसऱ्या दिवशी, काकांचं नाव घेऊन, तेल लावलं.

भाद्रपदात त्या घरचा मालक माझ्या दारात उभा राहिला. मी या म्हटलं तरी आत आला नाही.

"आयस परली माझी," तो म्हणाला. "तुझे कोब्यावर परली. खुबा मोरला."

मी त्याच्याबरोबर तसाच गेलो. अंगणाकडे पाहवत नव्हतं. वरची साय खपलीसारखी सुटली होती, खाली चुना ओल्या पिठासारखा मऊ, आणि सगळ्यावर बुळबुळीत हिरवं. त्याची म्हातारी आई माजघरात बाजेवर पडली होती. ती मला शिव्या देईल असं वाटलं होतं. तिने मला जवळ बोलावलं आणि म्हणाली, "तुजा काय दोस नाय रं पोरा. माजेच पायांना दिसत नाय."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी मालकाला म्हटलं, "मी काकांना घेऊन येतो. ते करतील नीट." दुसरं काही सुचलंच नाही. सकाळच्या गाडीने कल्याणला गेलो. काका भट्टीवर चुना बघायला गेले होते. काकू मागच्या दारी निवडण घेऊन बसली होती. मी सगळं सांगितलं आणि तिच्यापाशी मटकन बसलो.

"काकू, माझ्या हातात काय खोट आहे? तीच वाळू, तोच चुना, तेच तेल. काकांचं टिकतं आणि माझं का जातं?"

ती निवडत राहिली. मग म्हणाली, "तेल कधी लावलंस?"

"तिसऱ्या दिवशी."

तिचे हात थांबले. काकांच्या कामावर बडवणाऱ्या बायकांची मुकादम हीच. कित्येक वर्षं.

"ते स्वतः तेल लावताना तू कधी पाहिलंयस?"

मी आठवू लागलो. घोटणं झालं की काका मला दरवेळी कुठेतरी पाठवत. दुर्गाडीजवळच्या भट्टीवर, हिरडे आणायला, नव्या गिऱ्हाइकाचं अंगण मोजायला. परत येई तेव्हा कोब्यावर पेंढा घातलेला असे. त्याच्याखाली कोबा तेल पितोय असं मी समजत असे, आणि आम्ही पुढच्या कामाला लागत असू.

"एकवीस दिवस त्या पेंढ्यावर नुसतं पाणी मारायचं," काकू म्हणाली. "मग पेंढा काढून दीड-दोन महिने उघडं वाळू द्यायचं. नखाने ओरखडा उठेनासा झाला की मग तेल. पाणीही मीच मारायची, आणि तेलाचं मडकं माझ्याच डोक्यावर असायचं, त्यांच्याबरोबर मीच जायची. ओल्या चुन्याला तेल लावलं तर त्याचं तोंडच बंद होतं. आत तो कधी घट्ट होत नाही."

मागीलदारी ऊन पडलं होतं. कुठेतरी कुणी धुणं आपटत होतं. मी विचारलं, "तुला माहीत होतं? दोन कामं गेली तेव्हाही?"

"होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"मला या घरात राहायचं होतं," ती म्हणाली, आणि पुन्हा निवडायला लागली.

काका दुपारी आले. हातपाय धुऊन ओटीवर बसले. मी समोर उभा राहून विचारलं, "काका, कोब्याला तेल कधी लावायचं?"

"तिसऱ्या दिवशी. कितीदा सांगायचं तुला?"

इतक्या सहज बोलले ते. मला वाटलं होतं, निदान नजर चुकवतील.

"मग तुम्ही दोन-तीन महिन्यांनी का लावता?"

त्यांनी आत पाहिलं.   मग जे बोलले ते मी कधी विसरणार नाही.

"चुना मला तुझ्या बापाने शिकवला. काही म्हणजे काही राखून ठेवलं नाही. हात बसला तसा मी त्याची चांगली गिऱ्हाइकं घेऊन वेगळा झालो. त्यानंतर त्याला धड काम मिळालं नाही. पटकी आली तेव्हा तो परगावी मातीच्या भिंती घालत होता. शिकून झालेला माणूस काय करतो ते मला ठाऊक आहे. तुला सगळं दिलं असतं तर तू माझ्याकडे आला असतास का परत?"

"मी तुमचा मुलगा होतो," मी म्हटलं.

"म्हणूनच," ते म्हणाले.

"एक म्हातारी अधू झाली, काका."

यावर त्यांनी पाणी मागितलं. काकूने आणून दिलं. मी पाया न पडता निघालो. आयुष्यात पहिल्यांदाच.

स्टेशनापर्यंत चालताना मला राग येत नव्हता, लाज वाटत होती. दोन वेळा मी त्यांच्या पायावर डोकं ठेवलं होतं, एकदा तर रडलोही होतो. तेव्हा त्यांच्या मनात काय चाललं असेल, हेच पुन्हा पुन्हा डोक्यात येई. माझ्याच खड्ड्यातून मला बाहेर काढल्याबद्दल मी आभार मानत होतो, आणि खड्डा खणणारा माझ्या पाठीवरून हात फिरवत होता.

कोपरीला जाऊन मी मालकाला खरं तेवढं सांगितलं. त्यात काकांचं नाव घेतलं नाही. "मला अर्धंच शिकवलं होतं. आता पुरं कळलंय. अंगण उकरून पुन्हा करतो. नाही टिकलं तर या गावात तोंड दाखवणार नाही."

तो वळून अंगणाकडे बघू लागला. आतून म्हातारीचा आवाज आला, "करू दे रं त्याला."

पाऊस सरल्यावर मी आणि माझी बायको, आणि रोजाच्या चार बायका, असं ते अंगण आम्ही मुळापासून काढलं. पेंढ्यावर एकवीस दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मारायला मी स्वतः ठाण्याहून चालत जात असे. मग नुसतं थांबायचं. त्या दोन महिन्यांत मी रोज नखाने ओरखडून बघत होतो. शिमग्याच्या आसपास एका सकाळी नख घसरलं, रेघ उठली नाही. मग तेल लावलं. कोबा ते जराजरा करत दोन दिवस पीत होता.

श्रावणात जाऊन पाहिलं. पाण्याचे थेंब कोब्यावर टपोरे उभे होते. हिरव्याचा मागमूस नव्हता. म्हातारीचा खुबा मात्र कधी नीट बसला नाही. ती उंबऱ्यापर्यंत सरपटत येई आणि तिथून बसल्या बसल्या काठीने कोंबड्या हाकी. मला बघितलं की हसे. त्या हसण्याने मला नेहमी कानकोंडं होई.

त्या अंगणामुळे माझं नाव झालं. कामं येत राहिली. काकांशी मी पुढे सात वर्षं बोललो नाही. काकू दिवाळीला एकटी येई, फराळाची पुरचुंडी ठेवी, पाणी पिऊन जाई. तिच्यावरचा राग हळूहळू निवला. काकांवरचा निवतोय असं वाटे आणि पुन्हा भडके.

ते गेल्याचा निरोप आला तेव्हा मी गेलो. खांदाही मीच दिला, दुसरं कोण होतं? तेराव्याला कल्याणातली बरीच जुनी गिऱ्हाइकं जमली होती. जेवताना एक गृहस्थ सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "काकांनी पोराला तयार केलं बघा. अंगचं सगळं देऊन गेले."

माझ्या शेजारी बसलेल्यांनी माना हलवल्या.  मी भातावर वरण वाढून घेतलं आणि जेवू लागलो.