आत्ती बालाजीला निघाली

आत्ती म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. तिचा सारा जन्म नेसरीत गेला, आणि नेसरीला रेल्वे नाही. कुठं जायचं म्हटलं की एसटी. सत्तरी उलटली तरी ती रेल्वेत बसली नव्हती आणि त्याची तिला खंतही नव्हती. पण मागच्या वर्षी माझ्याकडं कोल्हापूरला राहायला आली, तेव्हा शेजारच्या बाईंनी सहज विचारलं, "आजी, रेल्वेत बसलाय का कधी?"

"व्हय की, लई येळा," आत्तीनं ठोकून दिलं.

शेजारीण घरात गेल्यावर ती माझ्याकडं वळली. "उद्या मला रेल्वेत बसव. बोललेलं खरं कराय नगं?"

मला सुट्टीच होती. जयसिंगपूरपर्यंत रेल्वेनं जायचं, बाजारात फिरायचं आणि एसटीनं परत यायचं, असं ठरलं.

स्टेशनात शिरल्यावर आत्ती आधी फलाटाच्या टोकाला गेली. तिथं रूळ संपतात. ती कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

"हितनं म्होरं काय न्हाय?"

"नाही. कोल्हापूर शेवटचं स्टेशन. गाडी आली तशी माघारी जाते."

"आमच्या म्हशीगत," ती म्हणाली, आणि गाडीबद्दलची तिची भीती तिथंच संपली.

जी गाडी लागली होती ती थेट तिरुपतीला जाणारी होती, वाटेत जयसिंगपूर घेऊन. आम्ही साध्या डब्यात चढलो. खिडकीजवळ पांढरी टोपी, पिळदार मिशा असे एक म्हातारे गृहस्थ बसले होते.

"पावणं, जरा सरका. म्हातारं माणूस हाय."

"बसा की आजी."

"आजी कुनाला म्हंतासा? तुमचं माझं बारसं एकाच साली झालं असंल."

म्हातारबुवा निमूटपणे समोरच्या बाकावर गेले. जरा वेळानं त्यांनी विचारलं, "कुटं निगालाय मग, बाई?"

आत्तीनं डब्याभोवती नजर फिरवली. माणसं पिशव्या, वळकट्या, डबे घेऊन मोठ्या प्रवासाच्या तयारीनं बसली होती. एवढ्या लोकांत जयसिंगपूर म्हणायची तिला लाज वाटली असावी.

"बालाजीला," ती म्हणाली.

"आमीबी तितंच! ही आमची तिसरी खेप."

"माजी पाचवी."

मी खिडकीबाहेर बघू लागलो. माझ्या खिशात जयसिंगपूरची दोन तिकिटं होती. समोर दोघांची जुगलबंदी सुरू झाली. म्हातारबुवांनी रांगेची लांबी सांगितली, आत्तीनं ती दुप्पट केली. त्यांनी प्रसादाचा लाडू मुठीएवढा सांगितला, तर आत्तीचा लाडू नारळाएवढा. आजूबाजूचे लोक कान देऊन ऐकत होते. एकानं तर राहायची सोय कुठं होते तेही आत्तीला विचारून घेतलं.

तेवढ्यात फलाटावरून एक तरुण बाई खिडकीशी आली. कडेवरचं लेकरू तापानं मलूल होऊन तिच्या खांद्यावर पडलं होतं.

"मावशी, तुमी बालाजीला चाललाय न्हवं? आमचंबी जायाचं ठरलंतं, पर ह्याला ताप भरलाय. एवढं नवसाचं हुंडीत सोडा, पाया पडते." तिनं पिवळ्या फडक्याची पुरचुंडी आत्तीच्या हातात कोंबली.

आत्तीचं तोंड उघडलं, पण शब्द फुटायच्या आत गाडी हलली. बाई हात जोडून मागं राहिली आणि दिसेनाशी झाली.

रुकडी स्टेशन जाईपर्यंत आत्ती पुरचुंडी या हातातून त्या हातात करत राहिली. मग ती गोड आवाजात म्हणाली, "पावणं, देवाचं काम तुमच्या हातनं झालेलं बरं. ही ठेवा तुमच्याजवळ."

म्हातारबुवा दचकले. "छ्या छ्या! तिनं इस्वासानं तुमच्या हातात दिलीया."

"तुमी देवाजवळचं मानूस."

"तुमची पाचवी खेप हाय, बाई."

पुरचुंडी दोन-तीनदा इकडून तिकडं गेली आणि शेवटी आत्तीच्याच ओटीत राहिली. जयसिंगपूर जवळ आलं तशी ती माझ्या कानाशी लागली, "गुमान उठ." मी उठलो. समोर बघतो तर म्हातारबुवाही पिशवी काढत होते.

"जरा पाय मोकळं करतो," ते म्हणाले.

"मीबी च्या घेतो," आत्ती म्हणाली.

आम्ही तिघंही फलाटावर उतरलो. शिट्टी झाली. दोघांपैकी कुणीही हललं नाही. गाडी सुटली, शेवटचा डबा पुढून गेला.

"तुमची गाडी गेली की," म्हातारबुवा म्हणाले.

"आन तुमची?"

"माजं घर हितंच हाय, बाजाराच्या मागं."

मग मात्र दोघं असे हसले की हमालही थांबून बघायला लागला. आत्ती पदरानं डोळे पुसत होती, पण पुसता पुसता ओटीतली पुरचुंडी हाताला लागली आणि तिचं हसू विरलं.

"पोस्टानं पाठवू," मी म्हटलं.

"तिनं पोस्टाला दिली न्हाय, मला दिलीया."

म्हातारबुवा आम्हाला जेवायला घरी घेऊन गेले. त्यांच्या बायकोनं भाकरी थापता थापता सगळी हकीकत ऐकली आणि नवऱ्याकडं न बघता म्हणाली, "लगीन झाल्यापास्नं मला बालाजीला न्हेतो म्हंतासा. ह्या बाई निघाल्या की मीबी निघणार. तुमी यायचं तर या."

पुढच्याच महिन्यात ती तिघं खरंच गेली. परतीला मी कोल्हापूर स्टेशनवर आणायला गेलो. गाडी रिकामी होत आली तरी आत्ती दिसेना. मग मागून पाठीत धपाटा बसला. वळलो तर पदर खांद्यावर घेतलेली एक गुळगुळीत टकलाची बाई.

"बघतोस काय? हात फिरवून बघ, लई गार लागतंय."

"केस? तू नवस केला होतास?"

"न्हाय. पर हुंडीत पुरचुंडी टाकली न्हवं, तवा वाटलं, परक्याचं देऊन आपलं काईच न्हाय दिलं. आन ती म्हातारी म्हनली, तू काढलंस तर मी काढते. मग काय, बसलो दोघीबी." म्हातारबुवांनीही काढले का, असं मी विचारलं. "मिशा धरून पळाला," आत्ती म्हणाली.

बाहेर रिक्षात बसलो. रिक्षावाल्यानं आरशातून तिच्या डोक्याकडं बघितलं. "बालाजीला जाऊन आला व्हय, मावशी? दर्शन झालं?"

"झालं तर!" आत्ती सरसावून बसली. "तुला सांगतो, देवानं मला नेसरीची म्हनून वळाकलं."