पाठमोरा माणूस

निवृत्त झाल्यावर पोटभर चित्रं काढीन, असं मी शाळेत चित्रकला शिकवताना तीस वर्षं म्हणत होतो. आता वेळच वेळ आहे, आणि तासभर उभं राहिलं की कंबर भरून येते. गुडघ्यांनी तर कधीच हात टेकलेत. सकाळी रंग काढायचे म्हटलं तरी आधी चहा, मग पेपर, मग जरा आडवं होणं, असं करत दुपार होते.

माझा विषय पहिल्यापासून एकच. मोकळं रान आणि त्यात एक माणूस. आमच्या भोकरदनकडचं रान नुसतं रंगवलं तर कागदावर मळकट पट्टे दिसतात. त्यात बोटाच्या पेराएवढा माणूस उभा केला की रान केवढं आहे ते कळतं.

हा माणूस दहा वर्षं एकच होता. केदारखेड्याच्या अलीकडे, रस्त्याला लागून त्याचं शेत. पहिल्यांदा मी कागद-पेन्सिल घेऊन बांधावर उभा राहिलो तेव्हा त्याला वाटलं, मोजणीवाला आला. पुढे सवय झाली. कापसात खुरपत असो की मक्याला पाणी देत असो, मी “दादा, थांबा” म्हटलं की तो माझ्याकडे पाठ करून होता तसा थांबायचा. चित्र झालं की हात पायजम्याला पुसत यायचा आणि वाकून शोधायचा.

“सर, मी कुठं हाय ह्याच्यात?”

मी बोट ठेवून दाखवायचो.

“एवढासाच? बुजगावणं तरी जरा मोठं करत्यात.”

तुमची माणसं नेहमी पाठमोरी असतात, त्यात काहीतरी खोल अर्थ आहे, असं लोक म्हणायचे. खोलबिल काही नव्हतं. मला चेहरे जमत नाहीत. शाळेत हे लपून गेलं आणि प्रदर्शनात त्याचंच कौतुक झालं, मग मीही गप्प बसलो.

या उन्हाळ्यात तो गेला. छातीत कळ आली आणि दवाखान्यात आणेपर्यंत सगळं संपलं होतं. सहाव्या दिवशी त्याचा मोठा मुलगा माझ्या दारात आला. तोही आता दोन लेकरांचा बाप आहे.

“सर, आधार कार्डावरून फोटो मोठा करून आणल्ता. माय म्हणती, हे कोन हाय? माझ्या लग्नातल्या फोटोत पाहावं तर बाबा सगळीकडं खाली मान घालून पंगतीत वाढून राह्यलेत. तुमी तर दहा साल त्यांलाच काढलं. तेरवीला एक तोंडाचा फोटो काढून द्या.”

मी हो म्हणालो. नाही कोणत्या तोंडानं म्हणणार?

पाच दिवस बसलो. उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली असायचा, ते आठवलं. मानेमागची रुमालाची गाठ आठवली, पाठीवर विरलेला सदरा आठवला. नाक काही आठवेना. काढेन तो चेहरा कुणा दुसऱ्याचाच व्हायचा. एकदा तर माझा मेहुणाच उतरला. दहा वर्षं मी या माणसाला उन्हात उभं केलं आणि एकदाही धड पाहिलं नाही. लाज वाटली. खरं सांगायचं तर लाजेपेक्षा कंटाळा जास्त आला, स्वतःचाच.

तेरवीच्या आदल्या दिवशी मुलगा आईला मोटरसायकलवर घेऊन आला. मी सरळ सांगितलं, “वहिनी, मला नाही जमलं.” ती चिडली असती तर मला हलकं वाटलं असतं. ती फक्त म्हणाली, “मंग हायेत ते दाखवा.”

मी होती नव्हती तेवढी चित्रं पलंगावर मांडली. तिनं एकेक हातात घेऊन पाहिलं. शेवटी एकावर बोट ठेवलं. नांगरलेलं रान, कडेनं पायवाट आणि खांद्यावर कुदळ टाकून घराकडे निघालेला तो.

“हे द्या.”

“यात तोंड नाही, वहिनी.”

“लग्न झाल्यापून शेतात जाता-येता मी यांच्या मागनंच चालले, सर. हे बराबर तेच हायेत.” मग म्हणाली, “फक्त मागं एक बाई काढा.”

मुलगा कावराबावरा झाला. “माय, हार घालायच्या फोटोत जित्या माणसाला काढत न्हाईत.”

“मी कुठं शेजारी बसून राह्यले? मागंच हाय मी.”

तो माझ्याकडे पाहायला लागला. मी पोस्टर कलरच्या बाटल्या उघडल्या. ब्रश ओला केला आणि कामाचं म्हणून विचारलं, “किती मागं काढू?”

तिनं थोडा विचार केला.

“ते मागं वळून पाह्यचे न्हाईत. चालता चालता नुसतं म्हणायचे, आली का? मी म्हणायची, आले. ते त्यांला ऐकू जाईल, तेवढं.”

मी बाई काढली. अंतर बरोबर आलं का, हे तिला विचारायचं धाडस मला झालं नाही.