सिपोरा झिराडकरची हिब्रू

सिपोरा झिराडकर मला जर्सी सिटीच्या बाजारात भेटली. ग्रोव्ह स्ट्रीट स्टेशनबाहेर उन्हाळ्यात शेतकरी माल घेऊन बसतात. तिथे एका झाडंवाल्याकडे मोठाली हिरवी पानं दिसली म्हणून मी फोनवर आईला सांगत होते, "अगं, इथे चक्क अळू मिळतंय!"

"अळू नाय गो ते," मागून कोणीतरी म्हणालं. "शोभेचं झाड आहे. खाल्लंस तर घसा धरेल."

वळून पाहिलं. झाडंवाल्याच्या हाताखाली काम करणारी बाई होती. उन्हाळ्यातही पुरुषी ओव्हरकोट, लाल बूट, पांढऱ्या केसांची सैल वेणी, साठी कधीच उलटलेली.

"तुम्ही मराठी?"

"रेवदंड्याची. बेने इस्रायल. आणि 'तुम्ही' म्हणू नकोस, म्हातारं वाटतं."

शेवटी 'सिपोरामावशी, पण तू' यावर तडजोड झाली.

बेने इस्रायल म्हणजे आपले कोकणातले ज्यू. सिपोराचे वडील रेवदंड्याला सुतारकाम करत. ती सात वर्षांची असताना घर इस्रायलला गेलं आणि दिमोना नावाच्या वाळवंटातल्या गावात वसलं. वडील कापडगिरणीत लागले. आई घरात मराठीच बोलायची, शेवटपर्यंत. शाळेत पोरं सिपोराच्या हिब्रूला हसायची, म्हणून ती रेडिओसमोर बसून बातम्या देणाऱ्याची नक्कल करायची. पुढे कविता लिहायला लागली तेव्हा तिची हिब्रू हसणाऱ्या पोरांपेक्षा चांगली होती, असं ती स्वतःच सांगायची. नम्रपणा तिला कधी जमला नाही.

लष्करातली सक्तीची नोकरी संपल्यावर ती तेल अवीवला गेली. कोणाच्या तरी सोफ्यावर झोपायचं, कॅफेत लिहायचं, मिळेल ते काम करायचं. दोन बारीक कवितासंग्रह निघाले. मग एका ट्रम्पेट वाजवणाऱ्याबरोबर न्यूयॉर्कला आली. तो सहा महिन्यांत परत गेला.

"त्याला न्यूयॉर्क आवडलं नाय," ती म्हणायची, "आणि मला तो."

ती राहिली. लग्न केलं नाही. फुलांच्या दुकानात काम केलं, ज्यू मुलांना हिब्रू शिकवली. मुलांना प्रार्थनांऐवजी स्वतःच्या प्रेमकविता पाठ करायला लावल्या, तेव्हा ती शिकवणी सुटली. चित्रकलेच्या वर्गांत मॉडेल म्हणून मात्र ती चाळीस वर्षं उभी राहिली. जर्सी सिटीतल्या एका जुन्या विटकरी घराच्या तिसऱ्या मजल्यावर तिची खोली होती. दाराला कुलूप नसायचं. कोण कधी जेवायला येईल आणि जमिनीवर झोपून जाईल, याचा तिलाही पत्ता नसे.

लिहायची फक्त हिब्रूत. वाचणारे मोजके. त्यांतला पहिला गिडियन. त्याचं चित्रांना फ्रेम करून देण्याचं दुकान होतं आणि महिन्यातून एकदा तिथे खुर्च्या मांडून हिब्रू कवितावाचन चालायचं. सिपोराच्या कविता त्याला तिच्यापेक्षा जास्त पाठ होत्या.

दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये ती अशाच एका चित्रकलेच्या वर्गात उजवा हात वर धरून उभी होती. हात हळूहळू खाली आला. विद्यार्थ्यांना वाटलं दमली; एकीने तर हात पुन्हा वर घ्यायला सांगितलं. मग ती कलली. स्ट्रोक होता.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात असताना मला गिडियनचा फोन आला. "अदिती, ती काहीतरी बोलते आहे, पण कोणाला कळत नाही. नर्स म्हणतात अर्थहीन आहे. मला वाटतं ती तुमची भाषा आहे. येशील?"

मी लॅपटॉप बंद करून तशीच निघाले. सिपोरा उशीला टेकून बसली होती. मला पाहून म्हणाली, "पाय गार पडलेत. या बायांना सांग की गो."

अडखळत होती, पण शुद्ध रेवदंड्याची मराठी. इंग्रजी तिला थोडीफार कळत होती, उत्तर देता येत नव्हतं. गिडियन वाकून तिच्याशी हिब्रूत बोलला. तिने त्याचं तोंड नीट न्याहाळलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, "काय म्हणतो हा?"

गिडियन बाहेर गेला. मी मागोमाग गेले तेव्हा तो खिडकीशी उभा राहून शर्टाच्या टोकाने चष्मा पुसत होता आणि चष्मा स्वच्छच होता.

वाचा गेलेल्यांना बोलायला शिकवण्याचं शिक्षण घेणारी एक मुलगी आमच्या मराठी ग्रुपमध्ये होती, यामिनी. नागपूरची. तिच्या मॅडमची परवानगी काढून ती यायला लागली.

"काय करून राहिल्या मावशी?" तिने पहिल्याच दिवशी विचारलं.

"ही कुठली मराठी?" सिपोराने मला विचारलं. आजारपणानंतर ती तेव्हा पहिल्यांदा हसली.

मराठी लवकर मोकळी झाली. मग मी एक दिवस उत्साहाने म्हणाले, "सिपोरामावशी, मराठीत लिही ना कविता! मी उतरवून घेते."

ती म्हणाली, "मराठीत मला भूक लागते. झोप येते. आईची आठवण येते. कविता नाय येत. मी सात वर्षांची आहे मराठीत."

मी पुन्हा तो विषय काढला नाही.

यामिनीचे आजोबा आंबेडकरी जलशात गायचे. ती म्हणाली, "त्यांच्यासोबत कोरसात गाणाऱ्या बायांना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण गाणी अख्खी तोंडपाठ. शब्द चालीला धरून येतात. मावशींच्याच कविता वापरून पाहू या का?"

तेव्हापासून गिडियन दुकान लवकर बंद करून यायचा. तो सिपोराच्या पुस्तकातली एक ओळ संथ लयीत म्हणायचा, यामिनी तिच्या डाव्या हातावर ठेका धरायची आणि सिपोरा म्हणायचा प्रयत्न करायची. आठवडेच्या आठवडे नुसता आवाज. मग एका दुपारी जेवणाचं ताट आलं, तिने एक घास खाल्ला आणि चिडून म्हणाली, "मेलाख!"

मला वाटलं शिवी आहे. गिडियन मात्र खुर्चीवरून उठलाच. मेलाख म्हणजे मीठ.

त्यानंतर शब्द येत गेले, काही हट्टाने आलेच नाहीत. तिसरा मजला चढणं आता शक्य नव्हतं, म्हणून तिला लिफ्ट असलेल्या, ज्येष्ठांसाठीच्या इमारतीत घर मिळालं. तिथली दारं आपोआप बंद होतात. तिने दारात बूट अडकवून ठेवायला सुरुवात केली. मॅनेजर दोनदा समजावून गेला, तिसऱ्यांदा चहा पिऊन गेला.

वर्षभराने ती स्वतःचं पुस्तक स्वतः वाचू शकत होती, मुलांसारखं, बोट फिरवत. एका रविवारी तिने ते मिटलं.

"ही बाई फार बोलते," ती गिडियनला म्हणाली. आता दोघं हिब्रूतच बोलत; त्या दिवशी कोण काय म्हणालं ते त्याने मला नंतर सांगितलं.

"ती बाई तूच आहेस."

"असेन. पण फार बोलते."

डाव्या हातात पेन्सिल घेऊन तिने खोडायला सुरुवात केली. समुद्र सोडून वाळवंटात आलेल्या आईवरची तिची चार पानांची कविता होती, गिडियनची सगळ्यात आवडती. तिचं एवढंच उरलं:

आई दिमोनात
सकाळी दार उघडते.
अजून ओहोटीच.

गिडियन खरोखर रागावला. "तू आजारी आहेस म्हणून ऐकून घेतोय. ही कविता माझ्या बायकोच्या अंत्यविधीला मी वाचली होती, अख्खी."

"मग तीच वाच," ती म्हणाली. "तुझ्याकडे जुनं पुस्तक आहे. माझ्याकडे आता एवढेच शब्द आहेत, आणि हे मला पटतात."

तो दोन आठवडे आला नाही. मग आला तो दुकानातल्या वाचनाची तारीख ठरवूनच.

गेल्या नोव्हेंबरमध्ये ते वाचन झालं. खुर्च्या भरल्या होत्या. सिपोरा लाल बुटांत, काठी टेकत आली. एकेक छोटी कविता वाचायची आणि मध्ये लांब थांबायची. कधी शब्द सापडत नसे म्हणून, कधी मुद्दाम. फरक कळत नव्हता. तीन-चार जुने श्रोते नाराज दिसले. एक जण मला म्हणाला, पूर्वीची सिपोरा राहिली नाही. मागच्या रांगेतल्या एका तरुण मुलीने ओहोटीची कविता पुन्हा वाचायला लावली. गिडियन काउंटरमागे उभा होता. त्या कवितेला त्याने टाळी वाजवली नाही, बाकी सगळ्यांना वाजवली.

यामिनी पास होऊन अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, बॉथेल नावाच्या गावी नोकरीला गेली. व्हिडिओ कॉल करते आणि सिपोराकडून अजून व्यायाम करून घेते. नव्या कवितांची चोपडी काढायला तेल अवीवचा एक छोटा प्रकाशक तयार झाला आहे. केव्हा निघेल ते त्यालाही माहीत नाही.

परवा सिपोराकडे गेले होते. ती खिडकीशी बसली होती, मांडीवर कोरा कागद.

"नवीन काही?" मी विचारलं.

"एक ओळ. चांगली आहे. दुसरी येईपर्यंत हिला त्रास द्यायचा नाय," ती म्हणाली आणि मला चहा टाकायला पाठवलं.